वाकू नका, फौजदार हाय

आतेभावाचा, दत्तादादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. "माय गेली," एवढंच म्हणाला. नांदेडला त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचले, तर माणसं एकामागून एक वाकून आत्याच्या पायांवर डोकं ठेवत होती. मी भिंतीला टेकून उभी. शेजारची बाई कोपरानं ढोसत होती, "पाया पड की गं." मला वाकताच येईना. लोकांना वाटलं असेल, शिकलेली आहे, ताठा आहे. ताठा आहेच. आमच्या सगळ्या भावकीत पहिली बी.ए. झालेली मी आहे, आणि ते मी कुणालाही सांगते. पण त्या दिवशी कारण ते नव्हतं... आता महिना उलटला, राग जरा खाली बसला, म्हणून लिहायला घेतलं.

सुभद्राआत्या डोंगरकड्याला रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि ब्लाउज शिवायची. मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर ती एकटीच होती. तेव्हा आमचा जिल्हा वेगळा झाला नव्हता, परभणीच होता. मी तिच्याकडे राहून एसटीनं नांदेडच्या कॉलेजला जायची. माझं शेवटचं वर्ष सरत आलं तसं दत्तादादानं, तिच्या पोरानं, बजावलं, "हिचं कॉलेज सरलं की तू एकटी पडणार. घर मोड अन् नांदेडला चल." आत्या म्हणाली, "कुत्रं पाळते की." दादा हसला. "बरं. हाकेला येणारं, अनोळखी माणसावर भुंकणारं कुत्रं दिवाळीपर्यंत दाखव. मग राहा खुशाल."

आता अशा वेळी माणूस कसलं कुत्रं आणेल? हिनं वारंगा फाट्यावरून, हॉटेलच्या बाकड्याखालून एक थोराड कुत्रं पोत्यात घालून आणलं. कुणीतरी गरम पाणी फेकलेलं, पाठीवरचे केस गेलेले, आणि भुंकणं म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नाही. आल्या आल्या जे खाटेखाली घुसलं ते तिथंच. "पिल्लू आणायचं ना, शिकवता तरी येतं," मी चिडून म्हणाले. "पिल्लाला कुणी बी घेतं," ती म्हणाली आणि त्याचं नाव ठेवलं फौजदार. शेजारच्या सायकल दुकानातले शब्बीरमामू रोज विचारायचे, "आत्या, चोर आला तर तुमच्या फौजदाराला कोन संभाळनार?"

मग सुरू झाला वैताग. हाक मारली की फौजदार अर्ध्या अंगणापर्यंत यायचा आणि आत्यानं भाकरी ठेवायला हात खाली नेला की पळायचा. रोज तेच. ह्याचं कारण मी शोधलं, उगाच लाजत नाही. आपल्याकडे कुत्रं दिसलं की माणूस वाकतो. दगड असो नसो, हात जमिनीकडे गेला की कुत्रं पळतं, हे लेकरांनासुद्धा माहीत. ह्या बिचाऱ्याला वाकणारा प्रत्येक माणूस दगडच उचलणार असं वाटायचं.

त्या दिवसापासून आत्यानं वाकणं सोडलं. फौजदाराची थाळी धुण्याच्या उंच दगडावर गेली. फड्याला तिनं बांबूचा दांडा लावून ब्लाउजच्या चिंध्यांनी आवळून बांधला आणि उभ्यानं झाडायला लागली. बायका हसायच्या, "सुभद्राबाई, कंबर धरली काय वं?" मग त्याची भीती मोडायला ती मुद्दाम त्याच्यासमोर जराशी वाकायची, सरळ व्हायची आणि हातातला भाकरीचा तुकडा द्यायची. दुसऱ्या दिवशी आणखी जरासं. मला एवढा दम कुठला! मी "बस!" म्हणून ओरडायची आणि ते बसायचं.

"बघ, शिकलं."

"भेऊन बसलं ते. त्याला शिकलं म्हनत असतेत काय?"

"मग तुझ्यापाशी काय शिकून राहिलं?"

"तू गप ऱ्हा तिकडं."

बरं चाललं होतं, तेवढ्यात महालक्ष्म्या आल्या. घरभर भावकीतल्या सुना-लेकी जमल्या आणि ओळीनं आत्याच्या पाया पडल्या. फौजदार जो केळीच्या बागेत पळाला तो दुसऱ्या दिवशी चिखलानं माखून आला. पुन्हा खाटेखाली. सगळं मुळापासून. त्यानंतर जो येईल त्याला आत्या दारातच अडवायची, "वाकू नका, फौजदार हाय."

त्यातच माझा रखडलेला निकाल लागला. पेढे घेऊन मी धावत आले, पाया पडायला वाकणार, तर ती ओरडली, "उभी ऱ्हा!" दोन्ही खांदे धरून तिनं मला तसंच ताठ ठेवलं. मी रडले, भांडले. घरातली पहिली पदवी, आणि एका लुतऱ्या कुत्र्यापायी मला आशीर्वाद उभ्यानं! आत्या बुटकी होती. टाचा वर करून तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दिवाळीला दादा आला. त्याला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. त्यानं पिशवी ठेवली आणि सरळ आईच्या पायाशी वाकला. मला वाटलं, सगळं संपलं. खाटेखालून फौजदार निघाला. शेपूट पोटाशी, चारही पाय थरथरत. पण पळाला नाही. दोघांच्या मध्ये घुसला आणि फाटक्या आवाजात दादावर भुंकला. दादा मागं सरकताना मशीनवर आदळला. आत्यानं "फौजदार, ये," म्हटलं, तसा तो येऊन तिच्या पायाशी बसला. पलीकडून शब्बीरमामू ओरडले, "आत्या, साहेब ड्युटीवर हजर झाले वो!" कोपर चोळत दादा म्हणाला, "ऱ्हा माय, ऱ्हा हितंच."

ती राहिली. फौजदार म्हातारा होऊन गेला, तरी राहिली. मी म्हणाले, "आता तरी पाया पडू दे." तर म्हणे, "ऱ्हाऊ दे गं. तुला उभं बघायची सवय लागली." आणि शेवटच्या वर्षी गुडघे गेले तसं दादानं तिला नांदेडला नेलंच. एवढा खटाटोप करून शेवट कुठं, तर तिसऱ्या मजल्यावर, जिथं अंगण नाही आणि हाक मारायला कुणी नाही. ह्याचा राग कुणावर काढावा ते मला अजून कळत नाही.

परवा डोंगरकड्याच्या खोल्या आवरायला गेले. दाराआड तो फडा होता, दांड्यासकट. चिंध्यांचे रंग उडाले होते, गाठ मात्र पक्की. सोबतची बाई दांडा सोडायला लागली, तिला म्हटलं राहू दे. दोन्ही खोल्या मी उभ्यानं झाडल्या. त्या फड्यानं खाटेखालच्या कोपऱ्यातला कचरा तेव्हाही कधी नीट निघत नसे. परवाही निघाला नाही. मी वाकले नाही.