उपडा हंडा

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अंगात आलेल्या बाईला तोंडावर ‘नाटकं बंद कर’ म्हणणारी मी. तरी हे लिहिते आहे.

आमचं गाव ओतूरजवळ. आमचे हे गावाला नळाचं पाणी सोडायचे. मुलखाचे अबोल. पाइप फुटून पाणी बिघडलं, की घरी येऊन भरलेला हंडा ओतायचे आणि उपडा ठेवायचे. म्हणजे आज नळाचं पिऊ नका… आपण समजून घ्यायचं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात सून पोटुशी होती. संध्याकाळी हंडा भरून ठेवावा, तर सकाळी उपडा. खाली फरशी कोरडी, दाराला आतून कडी. रोज तेच. मी सुनेवर डाफरले. ती म्हणाली, “आत्याबाई, हे पोट घेऊन मी हंडा उचलीन व्हय?”

खूण ओळखीची होती, पण बोलले कुणाला नाही. मुकाट्यानं मळ्यातल्या बोअरचं पाणी आणायला लागले.

पुढं गावात काविळीची साथ आली. पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या… साथ कुठून सुरू झाली ते शोधणाऱ्या. गोळ्या-इंजेक्शन काही नाही, दारोदार फिरून पाणी कुठलं पिता ते विचारायच्या. रस्त्याखालून गटार जातं त्या मोरीच्या खालच्या अंगाला घरोघरी आजारी, आमचंच घर सुटलेलं. बाई ओट्यावरून हलेनात.

“आमच्यात कोन आजारी न्हाई,” मी म्हटलं, “दुसरं घर बघा.”

“म्हणूनच बसलेय, आजी. तुम्ही कशानं वाचलात ते मला कळायला हवं.”

मग सांगितलं सगळं. हसल्या नाहीत. बोअरचं पाणी कधीपासून, एवढंच विचारलं आणि मोरीपाशी खणायला लावलं. पाइपाला चीर, गटाराचं पाणी आत जात होतं.

जाताना सुनेकडं बघून म्हणाल्या, “गरोदर बाईच्या ही कावीळ जिवावर बेतते.”

“आन् हंड्याचं काय?”

बाईंनी हंड्याकडं एकदा नीट बघितलं आणि चपला घातल्या.

नातीला आता दात आलेत. पाइप बदलल्यापासून हंडा सरळ असतो. पहाटे उठले की आधी तिकडं बघते… भरलेला असतो. चांगलंच आहे. फक्त तिथंच जरा बसून राहते, मग चहाला उशीर होतो.