हरण्याची हमी

भूगोलाच्या सगीरा मॅडमना नकाशावर ब्राझील डोळे मिटून दाखवता येतो. फुटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच. तरी मुलींच्या फुटबॉल संघाचं घोंगडं त्यांच्या गळ्यात पडलं, कारण कामं वाटायच्या मीटिंगच्या वेळी त्या दाताच्या डॉक्टरकडं गेल्या होत्या. जो गैरहजर त्याचं नाव आधी सुचतं, ही कॉलेजची जुनी रीत. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालानं त्यांनी नियमांचं पुस्तक शोधायला घेतलं.

तीन वर्षांत संघ तीन सामने खेळला. पहिल्याच फेरीत हरलं की घरी, म्हणून वर्षाला एकच. खाल्लेले गोल सात, नऊ आणि सहा. केलेला एकही नाही. वार्षिक अहवालात मॅडमनी लिहिलं, ‘गोल खाण्याच्या प्रमाणात गतवर्षीपेक्षा तेहतीस टक्के घट.’ प्राचार्यांनी ते स्नेहसंमेलनात वाचून दाखवलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मॅडमच हसल्या. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसून घेतलं की कमी लागतं, हे त्यांना एव्हाना जमलं होतं. घरीसुद्धा सामन्याच्या दिवशी नवरा, मोहियोद्दीन, दार उघडता उघडता विचारायचा, “आज कितने?”

यंदा प्राचार्यांनी सांगून टाकलं, शनिवारपर्यंत पालकांच्या सहीसकट अकरा नावं आली नाहीत तर संघ बंद. नावं होती दहा. अकरावी संस्कृती, बजाजनगरची. ती चार दिवस सरावाला आली आणि तिनं तीन गोल मारले. गोल झाल्यावर काय करायचं असतं हे ठाऊक नसल्यानं बाकीच्या पोरी जागच्या जागी उभ्याच राहिल्या. पाचव्या दिवसापासून वडिलांनी तिला येऊ दिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मॅडमनी स्कूटी काढली. मुलींच्या प्रगतीवरचं भाषण वाटेत दोनदा घोकलं. संस्कृतीचे वडील पुंजारामभाऊ कंपनीतली पहिली पाळी करून आले होते. भाषण सुरू व्हायच्या आत त्यांनीच तोंड उघडलं.

“मॅडम, पोरीनं खेळू नये असं आपलं नाय. पण जिंकलं की पुढं जालना, बीड, परगावी मुक्काम. ते आपल्याला जमायचं नाय.”

मॅडमचं भाषण घशातच राहिलं आणि खरं तेच बाहेर पडलं. “मुक्कामाची फिकीर बिलकुल करू नका भाऊ. पहिली मॅच इथंच असते. तीन वर्षांत आम्ही दुपारचं जेवणसुद्धा कधी बाहेर केलं नाही.”

“म्हंजे?”

मग मॅडमना सूर सापडला. सात गोल कसे खाल्ले, नऊ कसे खाल्ले, त्यातला एक आपल्याच पोरीनं आपल्याच जाळ्यात कसा मारला, हे त्यांनी रंगवून सांगितलं. संस्कृतीची आई करुणाताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“म्हंजे हरायची गॅरंटी?”

“पक्की!”

पुंजारामभाऊंनी संमतीपत्रावर सही केली. चहाचे कप उचलणारी संस्कृती मात्र हसली नाही.

स्कूटीपर्यंत सोडायला ती खाली आली. “मॅडम, आणि आम्ही जिंकलो तर?”

मॅडम हसायला गेल्या, पण हसू फुटेना. तीन वर्षांत सगळ्यांनी ‘कितीनं हरलात’ एवढंच विचारलं होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. आणि जिच्या जोरावर जिंकायची जरा आशा, तिच्यासमोरच त्या हरण्याची हमी देऊन आल्या होत्या. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्या पुन्हा जिना चढल्या. कागद पुंजारामभाऊंसमोर ठेवला. “भाऊ, मी तुम्हाला फसवलं. मागचे आकडे खरे आहेत. पण ही पोरगी असली तर आम्ही जिंकूही शकतो. मग मुक्काम पडेल. तुम्हाला नको असेल तर कागद फाडून टाका.”

पुंजारामभाऊ कागदाकडं बघत राहिले, मग दारात उभ्या असलेल्या पोरीकडं. करुणाताईंचंही हसू थांबलं होतं. उद्या प्राचार्यांना काय सांगायचं, हे मॅडम मनात जुळवायला लागल्या.

“जालन्याला माझी भैन राहती,” भाऊ शेवटी म्हणाले. “मुक्काम तिच्याकडं करा. सगळ्या पोरी.”

“आणि बीडला?”

“आधी जालन्याला तर पोचा!” त्यांनी कागद घडी घालून मॅडमच्या हातात दिला. “मी आजच भैनीला फोन करतो. अकरा जणींचा सैपाक सांगून ठिवतो. आता मातर हरून येऊ नका मॅडम, लई वाईट दिसंल.”

हरण्याची हमी देताना मॅडमची जीभ एकदाही अडखळली नव्हती. आता मात्र नुसतं ‘बरं’ म्हणतानाही ती दोनदा अडखळली.