पहिली सात वर्षं

माझी वहिनी मीरा आमच्या हिंदीभाषक शहरात विजय नगरच्या एका शाळेत अकरावीला मानसशास्त्र शिकवते. मूल पहिल्या सात-आठ वर्षांत भाषा सगळ्यात सहज उचलतं, हा तिचा आवडता धडा. घरी मात्र तीच वर्षं ती आपल्या मुलाशी, वेदांगशी, हट्टाने हिंदी बोलली. का, तर पोरगा शाळेत मागे पडू नये! बाबा चिडायचे, "काहून हिंदी बोलून राहिली त्याच्याशी?"

"मराठी काय, कानावर पडून येईलच," ती म्हणायची. आम्ही बाकीचे शहाणे गप्प बसलो. वेदांगला मराठी समजू लागली, बोलता कधी आली नाही.

यंदा बाबांना पक्षाघात झाला. कारखान्यात चाळीस वर्षं बोललेली हिंदी पुसून गेली, मराठी तेवढी उरली. वेदांग कॉलेज बुडवून त्यांच्या उशाशी बसायचा, हिंदीत बोलत राहायचा. बाबा नुसते बघायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी बाबांनी वहिनीचा हात धरला. "हा पोरगा खूप सेवा करतो गं. पण आता माझ्या वेदांगला बोलाव ना."

वेदांगला सगळं समजलं होतं.

"मैं ही तो हूँ, आजोबा," तो म्हणाला.