दौंडच्या वन्सं

वन्संनी माझे केस धरले आणि माझं तोंड कडब्याच्या खोलीच्या चौकटीवर आपटलं. पुढचा दात तुटला. तरी मी दार सोडलं नाही. आत मी माझ्या नातीला, मंगलला, कोंडलं होतं आणि ती आतून दार बडवत होती.

“कौसे, सरक. पोराच्या हाडातलं समदं जाळून टाकलंय डाक्टरांनी. हिच्या हाडातलं त्याला मिळालं न्हाई तर त्यो मरंल. तुझ्या हातनं मरंल.”

पोरगा म्हणजे मंगलचा भाऊ दीपक, पाच वर्षांचा. त्याच्या पोटातली कॅन्सरची गाठ एकदा काढली, तर ती परत आली. त्याला दुसऱ्याच्या हाडातला मगज चढवायचा होता आणि पुण्याच्या दवाखान्यात तपासल्यावर जुळला तो फक्त मंगलचा. मंगल अठराची, तिची सुपारी फुटलेली. व्याह्यांनी कळवलं, हाडं पोखरलेली पोरगी आम्हाला नको. मी घाबरले आणि तिला माझ्या माहेरी, वडगाव रासाईला आणून लपवली. चार दिवसांनी बघू म्हटलं. दीपकला जालीम औषध सुरू झालं की मागं फिरता येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या डोक्यात ते शिरलं नव्हतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मेंढरांत वाढलेल्या. पुढं दौंडला स्टेशनबाहेर भाजी विकायच्या. त्यांचा हात आधी चालायचा, तोंड मागून. पिऊन आलेल्या नवऱ्याला त्यांनी दोन किलोचं वजन फेकून मारलं, तो जन्मभर लंगडला. त्याला जेवायलाही त्याच वाढायच्या.

त्यांनी मला ढकलून दिलं आणि कुऱ्हाडीनं दार फोडलं. मंगल आपण होऊन वन्संनी आणलेल्या जीपमध्ये बसली. वाटेत कोरेगाव भीमाला वन्सं उतरल्या, व्याह्यांच्या दुकानात शिरल्या, चार माणसांत त्यांच्या कानाखाली वाजवली आणि सोयरीक आम्हीच मोडली म्हणून सांगून आल्या.

मंगलच्या कमरेच्या हाडातून काढलेलं दीपकला नळीनं चढवलं. औषधानं त्याचं तोंड आतून सोललं होतं, थुंकीतून रक्त पडायचं. वन्सं जवळ गेल्या की तो बोचकारायचा, लाथा मारायचा. त्या हलायच्या नाहीत. “मार. आनखी मार. जोर हाय तवर मार,” म्हणायच्या.

मंगल चार दिवसांत कामाला लागली. लग्न दुसरीकडे झालं, दोन लेकरं आहेत. वन्संनी कधी माफी मागितली नाही, मीही नाही. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्या औषधांनी दीपकला ऐकू कमी येतं. रांजणगावात कंपनीत आहे. जगला तो.