सासूबाईंचा शेवटचा कोबी

माझे सासरे टेलर. चाळीस वर्षं त्यांनी कोबीला नाक मुरडलं आणि सासूबाईंनी तितकीच वर्षं तो घरात आणला. हाताला जड लागणारा, दाबला की करकरणारा गड्डाच त्या घ्यायच्या. त्याला सुरी मात्र लावू द्यायच्या नाहीत. "एकदा कापला की संपला," म्हणायच्या. लागतील तेवढी पानं वरून सोडवायची आणि बाकीचा गड्डा वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा.

त्या गेल्या, त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी नवा गड्डा आणला होता.

त्यानंतर दादा, म्हणजे माझे सासरे, रोज त्याचं एक पान सोडवून आपल्या वाटीभर डाळीत शिजवायचे. मी बघत होते. का, ते विचारायची अक्कल मला नव्हती. तीन आठवड्यांनी मी फ्रिज पुसायला काढला आणि उरलेला कोबी कचाकच चिरून भाजी टाकली. अंगात शहाणपणा शिरला की माझं हे असंच होतं.

दादांनी ताटाकडे पाहिलं. "सगळा चिरलास?"

"सुकत चालला होता, दादा."

"बरं केलंस."

त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली, मग तिसऱ्यांदा. कढई रिकामी झाली. "छान झालीये," म्हणाले आणि ओट्यावरचं ते चुरगळलेलं वर्तमानपत्र नीट घडी घालून घेऊन गेले.

कढईच्या काठाला चिकटलेलं एक पान मी तोंडात टाकलं. भाजीत मीठच नव्हतं.