चारच अंश

अमरावतीच्या एका रक्तपेढीत फ्रीजच्या तापमानावर नजर ठेवणारा संगणक मी सांभाळायचो. त्याच्या प्रणालीत हॅकर शिरू शकेल अशी फट सापडल्याची सूचना आली, म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी अकोल्याहून बसने गेलो. नवा सोर्स कोड उतरवायचा, त्यावरून कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पुन्हा बांधायचा आणि संगणक नव्याने सुरू करायचा. माझ्या हातचा मळ होता तो.

नव्या कोडात नवे पर्याय आलेले असतात. बांधणीआधी एकेक विचारला जातो: हे घेऊ का, ते ठेवू का? कूलरमधलं पाणी संपलं होतं, खोली तापली होती. पहिले दहा प्रश्न वाचले, पुढे नुसतं एन्टर दाबत सुटलो; त्याने बहुतेक पर्यायांना ‘नाही’ जातं. आमच्याकडे अशा वेळी ‘चालते ना’ म्हणतात.

तिथल्या मावशी निवृत्तीला आलेल्या. दर फेरीला फ्रीज उघडून पिशवीला पालथा हात लावून बघायच्या. मी चिडवायचो, "मावशी, ताप पाहता का त्याचा?"

संगणक सुरू झाला. पडद्यावर चार अंश. मी डबा खाल्ला आणि परतीची बस धरली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे मावशींचा फोन आला.

"भाऊ, पिशवी गार नाही लागून राहिली."

"किती दाखवतंय?"

"चारच. म्या ते तापमानाचं वायर काढून चहात बुडवलं. तरी चारच."

तापमान वाचणारं कार्ड चालवणारा भाग नव्या गाभ्यात आलाच नव्हता. त्याचाही प्रश्न मी एन्टर दाबून सोडला असणार. आणि वाचता आलं नाही तर शेवटचा आकडाच दाखवायचा, ही सोय मीच करून ठेवली होती. मधेच आकडा गेला की लोक घाबरून फोन करत, त्याचा मला वैताग यायचा.

मूर्तिजापूरला उतरून उलटी बस धरली. पोचलो तेव्हा कळलं, दुपारी लाईट जाऊन आली, पण फ्रीज परत चालू झालाच नव्हता. तापमान वाढलं की वाजणारा भोंगा चारवर गप्प बसून राहिला. साध्या थर्मामीटरवर पारा कितीतरी वर होता. पिशव्या बाद झाल्या. त्यात ओ निगेटिव्हची एकच होती, आणि ती सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या एका मुलीसाठी राखलेली होती.

मुलगी दवाखान्यात भरती होती. तिची आई परतवाड्याच्या पुढच्या गावाहून आलेली, रक्तपेढीतल्या बाकावर बसून पिशवीची वाट बघत होती. डॉक्टरांनी तिला फक्त फ्रीज बिघडला एवढंच सांगितलं. मला माझीच लाज वाटली. खरं सांगावं म्हणून जवळ गेलो, तर तीच उठली.

"तुमीच कॉम्प्युटरवाले ना, भाऊ? मंग त्यात पाहून सांगा ना, अजून कुठी भेटते का रक्त."

मी मान डोलावली आणि खुर्चीत जाऊन बसलो. ती मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. तिथे अजून चारच होतं.