जळक्या तेलाचं डिझेल

पंपवाल्यानं मला डिझेल कमी दिलं, हे मी आजही धरून आहे. कॅन घरी आणून पाहिली तर गळ्यापासून चार बोटं खाली. तसाच परत गेलो, भांडलो, लोक जमवले आणि तुमच्या पंपाची पायरी पुन्हा चढणार नाही, असं सगळ्यांदेखत सांगून आलो. पंपाला पायरी नसते, हे नंतर बायकोनं लक्षात आणून दिलं.

बोललो खरा, पण पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं धरली होती. बीटीची पिशवी विकणाऱ्यानं अळीची काळजी मिटली म्हणून सांगितलं होतं. पाण्याबद्दल तो काही बोलला नव्हता. पावसानं दडी मारलेली, जमीन हलकी. त्या आठवड्यात विहिरीवरचं इंजिन चाललं नाही तर बोंडं गळणार, हे उघड होतं. आणि कॅनमध्ये डिझेल देणारा जवळपास तोच एक पंप.

मी बाजारात कांदे विकून शेत घेतलेला माणूस. मान खाली घालून परत जाणं मला जमत नाही. एका कृषी प्रदर्शनात तळणाच्या तेलाचं डिझेल करताना पाहिलं होतं. मेथॅनॉलमध्ये कास्टिक सोडा विरघळवायचा, कोमट तेलात ढवळायचा आणि ठेवून द्यायचं. खाली काळं ग्लिसरीन बसतं. वरचं धुऊन घेतलं की इंजिनात चालतं. घरातल्या नव्या तेलाची एक बरणी करून पाहिली. जमली. इंजिनही थोडा वेळ त्यावर चाललं. मला वाटलं, जिंकलो.

मग शेगावात एका कचोरीवाल्याकडे गेलो. कढईच्या तळाचं, सगळ्यात काळं तेल सगळ्यात स्वस्त होतं. त्यातही मी भाव पाडला.

"भाऊ, हे म्या फेकून देतो," तो म्हणाला, "अन् तुमी त्यातबी घासाघीस करून राह्यले."

"फेकायले मेहनत लागते. ते तुही वाचवून राह्यलो ना म्या."

कास्टिक नांदुऱ्याच्या एका साबणवाल्या चाचांकडून आणला. वरून मूठभर जास्त घेतल्याशिवाय उठलो नाही.

प्रदर्शनातला माणूस म्हणाला होता, जळक्या तेलाला कास्टिक थोडा जास्त लागतो. किती, ते आधी तपासायचं. कसं तपासायचं ते त्यानं सांगितलं तेव्हा मी शेजारच्या दुकानात फवारणीच्या पंपाचा भाव करत होतो. आता थोडा जास्त म्हणजे किती? आमच्याकडे ज्वारी मोजताना मापावर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, चढली की माप पुरं झालं म्हणतात. सपाट माप देणारा तो चिक्कू. मी प्रत्येक वेळी शीग लावून कास्टिक घेतला.

"सपाट घ्या ना," बायको म्हणाली.

"पंपवाला हाय का म्या?"

सगळं एका ड्रममध्ये ढवळून रात्रभर ठेवलं. सकाळी ड्रम उघडला तर वर-खाली काहीच नव्हतं. सगळं एकजीव, गार पिठल्यासारखं. ड्रम वाकडा केला तरी हलेना. कमी पडला असेल म्हणून आणखी कास्टिक कालवला, तर ते जास्तच घट्ट झालं. बरणीत जमलेलं ड्रममध्ये का जमेना, मला कळेना. कृती तीच, हात तेच, आणि या वेळी तर कशातच कंजुषी केली नव्हती.

बायकोनं काडीवर एक गोळा घेतला, इंजिन पुसायच्या मळक्या फडक्यावर पाणी शिंपडून घासला. फेस आला.

"घ्या," ती म्हणाली. "आता इंजिनाले आंघोळ घाला."

दुपारी वावरात गेलो. पऱ्हाटीची पानं माना टाकून उभी होती, काही बोंडं खाली पडलेली. मी कॅन उचलली.

पंपवाल्यानं मला लांबूनच पाहिलं.

"या भाऊ. पायरी पाहून या."

मी कॅन पुढं केली. डोळा मीटरवरून हलवला नाही. आकडा बरोबर आला आणि कॅन पुन्हा चार बोटं खालीच.

"गळ्यापावतर भर."

"कॅनच मोठी हाय, भाऊ. आकडा पाह्यला ना तुमी?" आणि मग हसून म्हणाला, "का डिझेलले शीग लावून देऊ?"

माणसं हसली. ते घरातलं त्याच्यापर्यंत कुणी पोचवलं, तेही मला कधी कळलं नाही.

इंजिन चाललं. पाणी शेवटच्या सरीपर्यंत गेलं. रिकामी झालेली कॅन मी विहिरीवरच धुतली आणि तिच्यात किती मावतं ते लिटरच्या मापानं पाणी ओतून मोजत बसलो. दर वेळी वेगळंच निघालं.

"सपाट भरा," बायको बांधावरून म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.